झोप, संशय आणि दिलजमाई: मराठी ‘तारा’ची गोष्ट

बडोद्याचे तरुण राजे सयाजीराव गायकवाड यांचे लग्न १८८० साली झाले आणि त्या सोहळ्याच्या निमित्ताने एका मराठी नाटकाचा खेळ झाला. नाटकाचे नाव ‘तारा’. प्रेक्षकांत हॅरल्ड लिटलडेल नावाचा एक इंग्रज अध्यापक बसला होता. तो नुसता दरबारी पाहुणा नव्हता. शेक्सपिअरचा हात लागलेल्या ‘द टू नोबल किन्समेन’ या नाटकाची आवृत्ती त्याने इंग्लंडच्या न्यू शेक्सपिअर सोसायटीसाठी सिद्ध केलेली होती, म्हणजे शेक्सपिअरच्या एकेका ओळीवर भिंग धरून बसणाऱ्यांपैकी तो एक. त्याने हा खेळ पाहिला आणि त्याच वर्षी ‘मॅकमिलन्स मॅगझिन’ या मासिकात त्यावर लेख लिहिला. शेक्सपिअरचे ‘सिंबेलीन’ हिंदुस्थानातल्या नाटकघरात मराठीत रंगते आहे, ही बातमी इंग्लंडच्या वाचकांना त्या लेखातून कळली. लंडनच्या लिसियम थिएटरात हेन्री आयर्विंग आणि एलेन टेरी यांनी ‘सिंबेलीन’ उभे केले ते १८९६ साली. आपली ‘तारा’ त्याच्या सोळा वर्षे आधीची.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाला एखाद्या ओळीची जागा मिळते. ‘हॅम्लेट’वरून केलेले ‘विकारविलसित’ आणि ‘ऑथेल्लो’वरून केलेला ‘झुंजारराव’ यांच्यावर आपण पानेच्या पाने लिहिली. रक्तपात, वेड, खून असलेली नाटके मोठी आणि शेवटी सगळे एकमेकांना भेटतात ती नाटके हलकी, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. मला तो मान्य नाही. शेक्सपिअर मराठी माणसाच्या घरात शिरला तो आधी दुरावा आणि दिलजमाईच्या नाटकांतून. १८७५ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ‘टेम्पेस्ट’ मराठीत आणले. १८७८ मध्ये ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चे ‘भ्रांतिकृत चमत्कार’ झाले. १८७९ ला ‘तारा’, आणि पाठोपाठ ‘विंटर्स टेल’चे ‘मोहविलसित’. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ (१८६७) यासारखे अपवाद सोडले, तर पहिल्या फळीतली बहुतेक नाटके हरवलेली माणसे परत मिळण्याची आहेत.

‘तारा’ आणि ‘मोहविलसित’ लिहिणारे विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३). त्यांची बहुतेक हयात वऱ्हाडात, शिक्षणखात्याच्या नोकरीत गेली आणि अकोल्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. पुढे त्यांनी ‘ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल’चे ‘वल्लभानुनय’ केले. १९०७ मध्ये पुण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी निवडलेली तीन नाटके शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिन्हींत नवरा बायकोला टाकतो किंवा तिच्यावर आळ घेतो, तिन्हींत बायको मेली अशी बातमी उठते, आणि तिन्हींत ती परत येते. शेक्सपिअरची तीस-पस्तीस नाटके समोर असताना एका शिक्षकाने नेमकी ही तीन उचलली. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

तेव्हाच्या मराठी नाटकाचा रस्ता समजून घ्यायचा तर आपल्या ठाणे-कल्याणवरून जावे लागते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हा चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे होते. त्याच वर्षी सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मुंबईत खेळ लावले होते. पुढच्या वर्षी खाडी ओलांडून आणि पारसिकचा डोंगर फोडून रूळ कल्याणला पोचले. कल्याणहून एक फाटा भोर घाटाकडे निघाला, दुसरा थळ घाटाकडे. घाटातले काम पुरे होईपर्यंत पुण्याकडचा माणूस खंडाळ्यापर्यंत गाडीने येई, घाट पायी किंवा पालखीने उतरे आणि खाली दुसरी गाडी पकडे. १८६३ मध्ये भोर घाटातून सलग गाडी सुरू झाली. दुसरा फाटा इगतपुरी, भुसावळ, अकोला करत १८६७ मध्ये नागपूरला भिडला. सांगली-साताऱ्याकडच्या मंडळ्या पुण्याहून मुंबईला निघाल्या की कल्याणवरून जात, आणि अकोल्याचा माणूस मुंबईला निघाला की तोही कल्याणवरूनच. मुंबईहून बडोद्याला जायला १८६४ पासून वेगळा लोहमार्ग होताच. पडदे, पेट्या, कपड्यांचे गाठोडे, आचारी आणि पोरगेले नट असा सगळा बारदाना घेऊन मंडळ्या हिंडू लागल्या त्या या रुळांमुळे. बैलगाडीच्या वेगाने चालणारी नाटक मंडळी बडोद्याच्या लग्नाला वेळेवर पोचली नसती.

आणि कल्याण तेव्हा नुसते जंक्शन नव्हते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले १८९३ मध्ये, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने. वाचनालयांचा नाटकाशी संबंध आला तो छापील नाटकामुळे. नाटक आधी छापायचे, मग पाठ करायचे, मग करायचे, ही पद्धत नवीन होती. विष्णुदास भाव्यांच्या पौराणिक खेळांत सूत्रधार गात असे, नट आयत्या वेळी बोलत, राक्षस आरडाओरडा करत रंगभूमी हादरवत. त्या तागडथोम नाटकांना कंटाळलेल्या शिकलेल्या वर्गाने छापील नाटकांना हात घातला. लोक त्यांना ‘बुकीश’ नाटके म्हणत. ‘तारा’ हे असे बुकीश नाटक होते. ते पुस्तक म्हणून वाचनालयाच्या कपाटात जाई आणि नाटक म्हणून मंडळीच्या पेटीत.

आता ‘सिंबेलीन’ची गोष्ट. शेक्सपिअरने हे नाटक आपल्या उतरत्या काळात लिहिले. सायमन फोरमन नावाच्या लंडनच्या एका वैद्य-ज्योतिषाने ते १६११ च्या सुमारास पाहून वहीत टिपून ठेवले होते. १६२३ च्या पहिल्या छापील संग्रहात संपादकांनी ते शोकांतिकांत घातले. पण त्यात शेवटी सगळ्यांची भेट होते, सगळ्यांना माफी मिळते, म्हणून पुढच्या अभ्यासकांनी ते तिथून काढून अखेरच्या अद्भुत-सुखान्त नाटकांच्या पंगतीत बसवले.

ब्रिटनचा राजा सिंबेलीन. त्याची मुलगी इमोजेन बापाला न विचारता पोस्थ्यूमस या गरीब सरदाराशी लग्न करते. राजा जावयाला हद्दपार करतो. तो इटलीत जातो आणि तिथे याकिमो नावाच्या माणसाशी बायकोच्या पातिव्रत्यावर पैज लावतो. ही पैजेची कल्पना शेक्सपिअरने इटलीच्या बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मधून घेतली. याकिमो ब्रिटनला येतो, इमोजेनला बोलण्यात गुंतवू पाहतो, जमत नाही. मग एका मोठ्या पेटाऱ्यात लपून तिच्या शयनगृहात शिरतो. ती ओव्हिडची एक जुनी, बलात्काराचीच कथा वाचता वाचता झोपलेली असते. तो खोलीतल्या वस्तू टिपतो, तिच्या छातीवरचा तीळ पाहतो, हातातले कंकण काढून घेतो आणि पुन्हा पेटाऱ्यात शिरतो. स्त्री झोपलेली आहे आणि तिच्या झोपेत तिचे आयुष्य उलटे होते आहे. तिने काही केलेले नाही, तिला काही कळलेले नाही. मला या नाटकातला हा सगळ्यांत भयंकर प्रवेश वाटतो, तलवारीने मुंडके उडते त्याहूनही.

कंकण पाहून पोस्थ्यूमस बायकोला मारायचा हुकूम नोकराला देतो. नोकर इमानी आहे, तो तिला पुरुषाच्या वेशात पळवून लावतो. वेल्सच्या डोंगरात एका गुहेत तिला दोन तरुण भेटतात. लहानपणी पळवून नेलेले ते तिचे सख्खे भाऊ असतात, पण हे कोणालाच माहीत नसते. औषध म्हणून दिलेला काढा घेऊन ती निपचित पडते, भाऊ तिला मेलेली समजून फुले वाहतात. तिला जाग येते ती एका मुंडके नसलेल्या धडाशेजारी. धडावर नवऱ्याचे कपडे आहेत. प्रत्यक्षात तो तिचा दुष्ट सावत्र भाऊ असतो. तिला आधी वाटते हे स्वप्न आहे. मग वाटते, जागी झाले तरी स्वप्न सरत नाही. मग ती त्या धडावर कोसळून रडते.

नवऱ्याच्या वाट्याला दुसरे स्वप्न येते. तो तुरुंगात झोपलेला असताना त्याचे मेलेले आईवडील आणि भाऊ येतात, देवाकडे गाऱ्हाणे घालतात, आणि ज्युपिटर गरुडावर बसून खाली उतरतो. इंग्लंडच्या अनेक समीक्षकांना हा प्रवेश ओबडधोबड वाटत आला. काहींनी तर तो शेक्सपिअरचा नाहीच असे म्हणून बाजूला सारला. मराठी प्रेक्षकाला त्यात काय खटकणार होते? गरुडावरून देव उतरणे त्याला पाठ होते. स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी दिलेच पाहिजे म्हणणारा हरिश्चंद्र तो कीर्तनात ऐकत होता, अनिरुद्धाला स्वप्नात पाहून त्याच्यासाठी झुरणारी उषा त्याच्या ओळखीची होती. गमावलेल्या राणीला अर्धवट झोपेत पाहणाऱ्या उदयनाचे भासाचे नाटक मात्र महाजनींच्या तरुणपणी कोणी वाचलेले नव्हते. त्याची हस्तलिखिते विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरात गणपतिशास्त्र्यांना सापडली. ‘तारा’ पाहणाऱ्यांना ते माहीत असते तर त्यांनी दोन्ही नाटकांना मावसबहिणी म्हटले असते.

शेवटच्या प्रवेशात सगळे एकाच ठिकाणी येतात. कोण कोणाचा भाऊ, कंकण कसे गेले, काढा कोणी दिला, धड कोणाचे, अशी एकामागून एक सुमारे दोन डझन गुपिते फुटतात. राजा सगळ्यांना क्षमा करतो. पोस्थ्यूमस याकिमोला सोडून देतो. रोमशी झालेली लढाई जिंकूनही ब्रिटन खंडणी द्यायला कबूल होतो. प्रेक्षकाला हे सगळे आधीच माहीत असते. तरी तो खिळून बसतो, कारण कोणाला कधी कळते यातच सगळी गंमत आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने शेवटच्या संधीत अद्भुत रस हवा असे सांगून ठेवले आहे. ‘सिंबेलीन’चा शेवट त्या नियमाने लिहिल्यासारखा आहे.

लिटलडेलने पाहिलेला प्रयोग पुरुष नटांचा होता. तारा, म्हणजे मराठीतली इमोजेन, करणाराही मुलगाच, आणि शेक्सपिअरच्या काळी इमोजेन करणाराही मुलगाच होता. लंडनच्या रंगभूमीवरून ही पद्धत १६६० नंतर गेली. मराठी रंगभूमीवर ती अजून पन्नासेक वर्षे टिकणार होती. मुलगा बाई झाला आहे, ती बाई पुन्हा मुलाच्या वेशात पळते आहे, हा गुंता शेक्सपिअरने ज्या नटांसाठी रचला होता तसे नट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उरलेच नव्हते. बडोद्यात ते होते. शेक्सपिअरच्या मूळ प्रयोगाजवळ जाणारी कितीतरी लक्षणे त्या रात्री मराठीत शाबूत होती.

त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केले आणि मराठी संगीत नाटक जन्माला आले. ‘तारा’ झाकोळली ती तिथे. गाण्यांनी महाराष्ट्र वेडा झाला आणि गद्य ‘तारा’ मागे पडली. पण कथेकडे पाहिले तर ही दोन नाटके एकमेकांची जुळी भावंडे आहेत. इकडे मुद्रिका, तिकडे कंकण. इकडे शाप, तिकडे पैज. इकडे विसरलेला नवरा, तिकडे संशयी नवरा. दोन्हीकडे रानात गेलेली बायको, आणि दोन्हीकडे शेवटी पुनर्मीलन.

एक फरक मात्र मोठा आहे, आणि ‘तारा’ला विसरू नये असे मला वाटते ते त्या फरकामुळे. दुष्यंताला पश्चात्ताप होतो तो अंगठी परत मिळाल्यावर, म्हणजे शकुंतला निर्दोष आहे हे कळल्यावर. पोस्थ्यूमसला पश्चात्ताप होतो तेव्हा त्याच्या हातात फक्त रक्ताने भरलेले एक फडके असते. बायको मारली गेली असे त्याला वाटते, आणि ती दोषीच होती असेही त्याला अजून वाटते. तरीही तो स्वतःला गुन्हेगार ठरवतो. तिची एवढी लहानशी चूक, आणि आपण तिचा जीव घेतला. माझ्या मते शेक्सपिअरने लिहिलेल्या सगळ्या पश्चात्तापांत हा सर्वांत धाडसी आहे. बायको शुद्ध होती म्हणून माफ, असे तो म्हणत नाही. ती शुद्ध नसती तरी मला हा अधिकार नव्हता, असे म्हणतो. १८८० च्या सभागृहात, जिथे सीतेचे अग्निदिव्य लोकांच्या रक्तात होते, तिथे हे बोल मराठीतून ऐकणे साधी गोष्ट नव्हती. आणि शेक्सपिअर भाबडाही नाही. भेटीच्या ऐन क्षणी पोस्थ्यूमस मुलाच्या वेशातल्या इमोजेनला ओळखत नाही आणि फटका मारून खाली पाडतो. तिला नवरा परत मिळतो तो हा मार खाऊन.

त्या दशकात दिलजमाई ही नाटकातली गोष्ट राहिली नव्हती. ती कोर्टात आली होती. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी याने आपली बायको रखमाबाई हिने नांदायला यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. लहानपणी झालेले लग्न तिला मान्य नव्हते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपील झाले, आणि १८८७ मध्ये तिला सांगण्यात आले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. कैद पत्करीन म्हणाली ती. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे या खटल्यावर दुभंगली. संसार कोणत्याही किमतीवर जुळलाच पाहिजे म्हणणारे एका बाजूला, आणि बाईची इच्छा विचारा म्हणणारे मूठभर दुसऱ्या बाजूला.

कल्याणने त्याच काळात आणखी एक संसार पाहिला होता. कल्याणच्या जोश्यांच्या घरात वाढलेली यमुना नवव्या वर्षी टपालखात्यातल्या गोपाळराव जोश्यांशी लग्न होऊन आनंदी झाली. गोपाळरावांनी तिला शिकवले, मारलेही, आणि १८८३ मध्ये एकटीला अमेरिकेला पाठवले. ११ मार्च १८८६ ला ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयाने गेली. रखमाबाईविरुद्धचा निकाल त्याच वर्षीचा. या दोन बायकांची नावे शेजारी ठेवल्यावर ‘तारा’तला शेवटचा प्रवेश वेगळा दिसू लागतो. रंगभूमीवर सगळे एकमेकांना मिठी मारतात, तेव्हा त्या बाईला काय हवे होते हे कोणी विचारले का, असे तिथे बसलेल्या एखाद्या तरुणाच्या मनात आले असेल तर ते नाटकाचेच यश होते.

पुढच्या दशकात हवा पालटली. फर्ग्युसन कॉलेजचे इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिले. साताऱ्याच्या शाहूनगरवासी मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि त्याला तुफान गर्दी झाली. गणपतराव जोशी (१८६७–१९२२) प्रतापराव होत, बाळाभाऊ जोग त्राटिका होत. ‘हॅम्लेट’चा नट म्हणून महाराष्ट्र गणपतरावांना ओळखतो, पण मंडळीची पेटी भरली ती ‘त्राटिका’सारख्या नाटकांनी, आणि जोगांच्या स्त्रीपार्टाशिवाय ते झाले नसते. उर्मट बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देऊन, भर दुपारी चंद्र आहे म्हणायला लावून वठणीवर आणायचे, असे हे नाटक. ‘तारा’त नवरा झुकतो, ‘त्राटिका’त बायको झुकवली जाते. प्रेक्षकांनी ‘त्राटिका’ डोक्यावर घेतली. रखमाबाईच्या खटल्याला चार-पाच वर्षे झाली होती, संमतीवयाचा कायदा १८९१ चा. त्या वादळात घराघरांत घाबरलेल्या पुरुषांना ‘त्राटिका’ने धीर दिला, असे मला वाटते. केळकरांची भाषा झणझणीत आहे, नाटक म्हणून ते आजही वाचवते. तरीही दोन नाटकांतून एक जपायचे असेल तर मी ‘तारा’ जपेन.

संशय ही मराठी विनोदाची खाण ठरली ती मात्र तिसऱ्याच वाटेने. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये, म्हणजे ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय निघाले त्याच वर्षी, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. मूळ मोल्येरचे १६६० चे फ्रेंच प्रहसन, त्यावरून मर्फीने केलेले इंग्रजी नाटक, आणि त्यावरून देवलांचे. पुढे त्यात पदे घालून १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. ‘सिंबेलीन’मध्ये जे कंकण करते ते इथे एक तसबीर करते. फरक एवढाच की फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघेही सारखेच संशयी आहेत, कोणी एकटा पायाखाली जात नाही, म्हणून शेवटचे हसू स्वच्छ आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ ते नाटक चालत आले आहे, याचे अर्धे श्रेय गाण्यांना आणि अर्धे या बरोबरीला.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ मध्ये नाट्यगृह उभे राहिले, त्याला नाव दिले ते राम गणेश गडकऱ्यांचे. गडकऱ्यांना मराठीचा शेक्सपिअर म्हणायची पद्धत आहे ती ‘एकच प्याला’मुळे. पण ‘सिंबेलीन’च्या जवळ जाणारे गडकरी ‘पुण्यप्रभाव’ आणि ‘भावबंधन’मधले. ‘पुण्यप्रभाव’तला वृंदावन याकिमोसारखाच वाईट हेतू घेऊन येतो आणि वसुंधरेसमोर शेवटी हरतो. ‘भावबंधन’तला घनश्याम लतिकेवर सूड उगवायला एका भल्या म्हाताऱ्याला कचाट्यात पकडतो, आणि अखेरीस त्याचेही मन पालटते. क्षयाने पोखरलेल्या शरीराने गडकऱ्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले सावनेरला, जानेवारी १९१९ मध्ये, आणि लगेच २३ तारखेला ते गेले. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाने शेवटी जे लिहिले ते दुष्ट माणसाला माफ करण्याचे नाटक होते. शेक्सपिअरही आपल्या अखेरच्या वर्षांत माफीकडेच वळला होता. बलवंत मंडळीने ‘भावबंधन’ केले तेव्हा लतिका झाले होते मास्टर दीनानाथ.

कल्याणच्या नाट्यगृहाला आचार्य अत्र्यांचे नाव आहे, डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाई फुल्यांचे. डोंबिवलीतल्या नावावर या लेखाच्या संदर्भात थांबावेसे वाटते. रखमाबाईवर खटला भरला तेव्हा सावित्रीबाई हयात होत्या. बाईने कोणाशी संसार करावा हे तिला विचारून ठरवावे, यासाठी त्या आणि जोतीराव दोघेही आयुष्यभर झगडले. त्यांच्या नावाच्या रंगमंचावर ‘त्राटिका’ झाली तर ती प्रश्न विचारत व्हावी, आणि ‘तारा’ झाली तर पोस्थ्यूमसचा पश्चात्ताप कापू नये.

‘तारा’ आज कोणी करत नाही. शेक्सपिअरच्या नव्या मराठी भाषांतरांची परंपरा कुसुमाग्रजांचा ‘राजमुकुट’, विंदांचा ‘राजा लिअर’, पाडगावकरांचे ‘वादळ’ अशी पुढे गेली, पण महाजनींच्या तीन नाटकांकडे कोणी परतले नाही. भाषा जुनी आहे, संस्कृत शब्दांनी जड आहे, प्रवेश लांब आहेत. हे सगळे संपादनाने सुटते. पात्रांना आजची बोली द्यावी, गुपिते फोडण्याचा शेवटचा प्रवेश वेगाने न्यावा, तुरुंगातले स्वप्न मात्र गरुडासकट ठेवावे. स्त्रीपार्ट करणारा पुरुष मिळाला तर तोही एकदा करून पाहावा.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या हौशी संस्था दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेसाठी नवी संहिता शोधत असतात. त्यांना माझी विनंती आहे: एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन ‘तारा’ मागा, वाचा, आणि तालमीला घ्या.